सगळ्यांची कॅशे तुझ्या घरात

१० ऑक्टोबर, शुक्रवार. काम : पोस्टर मांडायच्या आपल्या 'फलक' प्रोग्रामची नवी आवृत्ती तयार करून दिवाळीआधी सगळ्या दुकानांत पोचवणे. सकाळपासून एका ओळीवर अडले आहे. ती ओळ तुझी आहे.

नरेश, तुझी तेरवी होऊन महिनाही झाला नाही आणि मी तुझ्यावर चिडून बसले आहे. लोक मला सांगतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढं आठवावं. त्या लोकांना तुझा प्रोग्राम दुरुस्त करायचा नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीहून बंडूभाऊंचा फोन आला. त्यांच्या पोस्टरच्या दुकानात आपला फलक गेली कितीतरी वर्षं चालतो आहे, आणि इतक्या वर्षांत त्या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "मॅडम, तुमचा फलक उघडूनच नाई राह्यला. मंडईच्या जत्रेची पोस्टरं पडून आहेत. नाटकवाले दोनदा येऊन गेले. मी त्याईले काय सांगू, डोम्बल?"

मी विचारलं, काही बदललं का? काहीच नाही म्हणाले. मग म्हणाले, "दसऱ्याची पूजा होती ना. मशीन साफसूफ केली."

आपल्याकडे दसऱ्याला मशीनची पूजा होते हे मला सांगायला नको. आतली धूळ काढायची, कीबोर्ड उलटा करून आपटायचा, नको त्या फाइली उडवायच्या, मग हळदकुंकू आणि झेंडूचा हार. बंडूभाऊंनी सगळं रीतसर केलं. फक्त मशीन सुरू केल्यावर पडद्यावर दोन नावं आली, त्यांचं आणि तुझं. पूजेच्या दिवशी गेलेल्या माणसाचं नाव समोर कशाला, म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. नाव, आणि त्या नावाचा फोल्डर, दोन्ही.

आणि फलक बंद पडला.

मी तुझा कोड उघडला. फॉन्टची कॅशे कुठे ठेवायची, हे ठरवणारी ओळ शोधली. तिथे तू मशीनला विचारलेलं नाहीस, वापरणाऱ्याला विचारलेलं नाहीस. सरळ पत्ता लिहिला आहेस : होम, त्याच्या आत नरेश. तुझं स्वतःचं घर. ब्रह्मपुरीत, कुरखेड्यात, गोंडपिपरीत, जिथे जिथे फलक आहे तिथे तिथे सगळ्यांची कॅशे तुझ्या घरात.

आणि त्याच्या खालची ओळ तर कळस. कॅशे लिहिता आली नाही तर प्रोग्राम बंद कर! अरे, कॅशे म्हणजे काय आहे? आपल्या पोस्टरांना हजाराच्या वर फॉन्ट लागतात. प्रत्येक फॉन्ट उघडून त्यात कुठली अक्षरं आहेत, जोडाक्षरं कशी बसतात, हे बघायला जुन्या मशीनला चहा होऊन गार होईपर्यंत वेळ लागतो. म्हणून एकदा बघायचं, टिपून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी नुसतं टिपण वाचायचं. हे टिपण म्हणजे कॅशे. हरवली तर पुन्हा करता येते. तिच्यावाचून प्रोग्राम हळू चालला तर समजू शकते. पण चहात साखर नाही म्हणून कुणी चूल विझवतं का?

बंडूभाऊंना फोनवर म्हटलं, तात्पुरतं त्याच नावाचं खातं पुन्हा तयार करा, काम सुरू होईल. त्यांनी कुठल्या नावाचं ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मेलेल्या मानसाच्या नावानं नवीन खातं? सनासुदीत? माहा हात नाई चालत." मी म्हटलं, अहो, ते नुसतं नाव आहे. "तुमच्यासाठी नुसतं असन. माह्यासाठी नरेशभाऊ आहे." फोन ठेवला. त्यांचा फलक तेव्हापासून बंद आहे, आणि नाटकांचा हंगाम तोंडावर आलाय.

तुला हे सगळं मी बारा वेळा सांगितलं होतं.

पहिल्यांदा आपलं भांडण झालं ते घरच्या दुकानातच. तेव्हा फलक नवा होता, तू जोशात होतास. वडशाच्या नाटक कंपन्यांचं पोस्टर एकच असतं, गावाचं नाव आणि तारीख तेवढी बदलते, त्यासाठी दर वेळी अख्खं पोस्टर कशाला मांडायचं, हे तुझ्या डोक्यातून निघालं. गाव बदला, तारीख बदला, अक्षरं आपोआप जागेत बसतील. मी कॉमर्सची पदवी घेऊन लग्न करून या घरात आले, बिलं आणि टायपिंग बघत होते. तू मला बसवून एकेक कमांड शिकवलीस. "वैनी, भिऊ नका, मशीन काही चावत नाई." मी शिकले. तुझी चूक तीच झाली. शिकलेल्या वहिनीला मग तुझ्या चुका दिसायला लागल्या.

तू कॅशे फॉन्टच्याच फोल्डरमध्ये ठेवली होतीस. मी म्हटलं, तिथे नको. तू म्हणालास, "काऊन? जिथी फॉन्ट, तिथी त्याची यादी. सामान एकीकडे अन् यादी दुसरीकडे, असं कोन करते?" ऐकायला पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा तितकीच हळू. तिसऱ्या दिवशीही. तू चार दिवस डोकं धरून बसलास. मग कळलं की फॉन्टच्या फोल्डरमध्ये कॅशे लिहिली की त्या फोल्डरची बदलाची वेळ पुढे सरकते. फलक बघायचा, फोल्डर कॅशेपेक्षा नवा दिसतोय, म्हणजे कॅशे शिळी. नवी लिहायचा. लिहिली की फोल्डर पुन्हा नवा. स्वतःच सारवायचं आणि स्वतःच त्यावरून चालत जायचं, असा तुझा प्रोग्राम.

शिवाय तिथे लिहिता यावं म्हणून तू फॉन्टचा फोल्डर सगळ्यांना उघडा करून ठेवला होतास. कुणीही यावं, काहीही टाकावं, काहीही उडवावं. कुरखेड्यात कुणाच्या तरी हातून अर्धे फॉन्ट उडाले, तेव्हा जीपने पेनड्राइव्ह घेऊन तूच धावलास.

मग तू ती टेम्पमध्ये टाकलीस. टेम्प म्हणजे मशीन बंद झालं की साफ होणारी जागा. गोंडपिपरीत दिवसातून किती वेळा वीज जाते हे तुला माहीत नव्हतं असं नाही. बंडूभाऊ तेव्हा म्हणाले होते, "भाऊ, तुमचा प्रोग्राम रोज सकाळी जन्म घेते अन् रोज नव्यानं चालाले शिकते." तू हसलास. मी हसले नाही, कारण त्यांच्या दुकानाची तक्रार माझ्याकडे यायची, तुझ्याकडे नाही.

मी सरळ सांगितलं, यात डोकं लढवायचं काही कारण नाही. आपल्या मशीन ज्यावर चालतात त्या लिनक्सवर त्याची रीत ठरलेली आहे. ज्याचा वापर त्याच्या घरात कॅशे. प्रत्येकाच्या होममध्ये डॉट-कॅशे नावाचा फोल्डर असतो, प्रोग्रामने तिथे आपलं खोपटं बांधावं. वापरणाऱ्याने दुसरी जागा सांगितली असेल तर ती विचारावी आणि ऐकावी. मॅकवर त्यांची लायब्ररी नावाची वेगळी जागा आहे, तिथे तिथली रीत पाळावी. बाहेरगावी गेलो की आपण चपला कुठे काढायच्या ते घरमालकाला विचारतो ना? तेवढंच.

तू म्हणालास, "अन् एका मशीनवर तीन पोट्टे काम करतेत, मंग? तिघाईच्या घरात तीन कॅशे? तेच फॉन्ट, तेच टिपन, तीनदा? वैनी, ह्या डिस्का तुमाले नव्या वाटून राह्यल्या का? नागपूरच्या भंगारातून आनल्या मी."

मी म्हटलं, जागा गेली तर जाऊ दे, रीत पाळ.

"तुमी ना, सरकारी मानूस व्हाले पाह्यजे होते."

मी म्हटलं, आणि तू विनाकारण माणूस झालास, बैल व्हायला हवा होतास. यावर तुझे दादा, म्हणजे माझा नवरा, आतून ओरडले, "माह्या भावाले बैल नोको म्हनू, शंकरपटाच्या शर्यतीत पळन तो." त्या दिवशीचं भांडण तिथेच संपलं. सुटलं नाही.

हे भांडण किती वर्षं चाललं मला सांगता येणार नाही. मध्ये मध्ये विसरायचं, कुठल्या तरी दुकानात फलक हळू व्हायचा, पुन्हा उकरून निघायचं. भाताच्या रोवणीत चिखलात उभे असतानासुद्धा आपण यावर बोललो आहोत. बायका गाणी म्हणत होत्या आणि तू रोप हातात धरून मला विचारत होतास की, तिघांनी एकाच वेळी कॅशे लिहायला घेतली तर काय. मी म्हटलं, आधी हातातलं रोप लाव.

मग एकदा तू म्हणालास, "झालं वैनी. तुमच्या म्हनन्यासारखं केलं. घरात ठेवली."

मी खूश झाले. घरात! कुणाच्या, ते विचारायचं सुचलं नाही. विचारायला हवं, असं कुणाला वाटेल?

आता कळतं तू काय केलंस. प्रत्येक दुकानात फलक बसवताना तू तुझ्या नावाचं एक खातं करायचास. आल्यावर दुरुस्तीला बरं, म्हणायचास. पासवर्ड सगळीकडे एकच, आणि तो अख्ख्या दोन जिल्ह्यांतल्या पोस्टरवाल्यांना पाठ. त्या खात्याच्या घरात तू सगळ्यांची एक कॅशे ठेवलीस. म्हणजे तिघांची तीनदा नाही, आणि फॉन्टच्या फोल्डरमध्येही नाही. तुझं तुझ्यापुरतं बरोबर होतं. सगळ्यांची सोय झाली, आणि तू कुठे जाणार होतास?

चंद्रपूरच्या एका दुकानात मॅक आहे. त्यावर फलक कधीच चालला नाही. तू म्हणायचास, मॅकमध्ये दोष आहे. मॅकमध्ये तुझ्या नावाचं घर तशा जागी बांधताच येत नाही रे बाबा, हा दोष.

गोंडपिपरीनंतर मी बाकीच्या दुकानांना फोन करत सुटले. दसऱ्याला केलंत ते केलंत, आता नवी आवृत्ती येईपर्यंत त्या नावाला हात लावू नका. आणि आली की मी सांगेन तेव्हा काढून टाका. सगळ्यांना माहीत असलेल्या पासवर्डचं, कुणाचंच नसलेलं खातं मशीनवर ठेवणं म्हणजे दुकान उघडं टाकून जेवायला जाणं. सगळे हो म्हणाले. कुरखेड्याची मंगला नाही म्हणाली.

मंगलाला तूच कामाला लावलंस. दुकान दुसऱ्याचं, चालवते ती. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे जंगलात, नंतर दुकानात, आणि पोस्टरच्या हंगामात तिथेच मुक्काम. फोनवर म्हणाली, "मॅडम, नाव नका काढू."

"का?"

"राहू द्या ना. काय खाऊन राह्यलं का ते?"

"मंगला, ते खातं धोक्याचं आहे. कुणीही आत शिरेल."

"कोन शिरन? इथी अस्वल येते, चोर नाई येत." मग म्हणाली, "सकाळी मशीन चालू केली का दोन नावं दिसते. मी माह्या नावावर दाबतो. एवढंच. पन दोन दिसते."

मी म्हटलं, बघू. मला बघायचं काहीच नव्हतं. मी फोन ठेवण्यासाठी म्हटलं.

तर आज सकाळपासून ही ओळ. सोपं काम आहे. तुझा पत्ता खोडायचा, वापरणाऱ्याच्या डॉट-कॅशेचा लिहायचा, मॅकसाठी वेगळा, आणि लिहिता आली नाही तर मुकाट्याने पुढे चाल असं सांगायचं. दुपारी जेवणाआधी ते झालंसुद्धा. आपल्या दुकानातल्या सगळ्यात जुन्या मशीनवर चालवून पाहिलं. त्या मशीनवर तीन खाती आहेत. पहिल्या खात्यातून फलक उघडला, वाट बघितली. दुसऱ्यातून उघडला, पुन्हा तेवढीच वाट. तिसऱ्यातून उघडल्यावर उठून भांडी घासून आले, तरी पडद्यावर गोल गोल फिरतच होतं.

तू समोरच्या स्टुलावर बसून पाय हलवत आहेस, असं मला अजिबात वाटलं नाही. मला असं काही वाटत नाही. पण तू काय म्हणाला असतास ते मला ऐकू येत होतं. मी मोठ्याने म्हटलं, "ठीक आहे, पण तुझ्या घरात का?" तुझे दादा दारात येऊन उभे राहिले.

"कोनासोबत भांडून राह्यली?"

"तुमच्या भावासोबत."

ते मागे वळले. आत जाऊन चहा ठेवला. त्यांनी चहा ठेवणं ही आपल्या घरात मोठी गोष्ट आहे, तुला माहीत आहे. तू गेल्यापासून दोनदा झाली.

चहा पिताना डोकं शांत झालं आणि मग दिसलं. आपण दोघं इतकी वर्षं एकच जागा शोधत होतो. जागा दोन लागतात.

फलक मशीनवर बसवताना बसवणाऱ्याच्या हातात पूर्ण अधिकार असतात. तेव्हाच सगळ्या फॉन्टची कॅशे एकदा करून सिस्टमच्या जागेत ठेवायची, व्हार नावाच्या फोल्डरमध्ये. ती जागा कुणाची नाही, मशीनची आहे. तिथे सगळ्यांनी वाचायचं, कुणीही लिहायचं नाही. नंतर एखाद्याने आपल्यापुरता नवा फॉन्ट आणला तर त्याची कॅशे त्याच्या घरात. आधी स्वतःचं घर बघायचं, मग मशीनचं. तिघांची तीनदा नाही. चावडी सगळ्यांची आणि माजघर ज्याचं त्याचं, इतकं साधं. संध्याकाळपर्यंत लिहून झालं. त्याच जुन्या मशीनवर तिन्ही खात्यांतून फलक असा उघडला की मला वाटलं काही तरी चुकलं.

व्हारबद्दल मी तुला कधी बोलले होते का? बोलले होते. तू म्हणालास, तिथी लिहाले पासवर्ड लागते, प्रत्येक पोट्ट्याले पासवर्ड कुठी देऊ. आणि मी म्हटलं, मग माझ्या म्हणण्याप्रमाणे घरात ठेव. मीसुद्धा पुढचा विचार केला नाही. आपण दोघांनी दोन टोकं धरली आणि ओढत राहिलो. मधे बरीच मोकळी जागा होती.

राग अजून गेलेला नाही, हे लिहून ठेवते. 'वापरणारा कोण?' एवढा एक प्रश्न मशीनला विचारला असतास तर दोन जिल्ह्यांतली दुकानं तुझ्या एका नावावर टांगलेली राहिली नसती. पण हेही लिहून ठेवते की, ज्या मशीन भंगारात गेल्या होत्या त्यांच्यावर लोकांची पोटं चालली, ती तू चालवलीस. मला जे येतं ते तुझ्यामुळे येतं. हे तुला सांगायची वेळ कधी आली नाही, कारण आपण कायम कॅशेवर बोलत होतो.

गोंडपिपरीची आवृत्ती आत्ताच पाठवली. बंडूभाऊंचा निरोप आला : "उघडला. मंडईची पोस्टरं निघाली." पुढे हात जोडल्याचं चित्र. मॅकवाल्यालाही पाठवली आहे. उद्या कुरखेडा. तिथे इंटरनेटचा भरवसा नाही आणि फोनवर मंगला ऐकणार नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार.

सकाळच्या बसने वडसा, तिथून जीपने कुरखेडा. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं आहे. मंगला दुकान झाडून बसली होती. मी नवी आवृत्ती बसवली. बसवतानाच कॅशे तयार झाली. मग तिला म्हटलं, उघड.

तिने उघडला आणि माझ्याकडे वळून बघितलं. "हे काय! एवढ्या लवकर?"

"आता सगळ्यांची एकच कॅशे. मशीनच्या जागेत."

"नरेशभाऊ हेच म्हनत होते. एकच पाह्यजे, एकच पाह्यजे. तुमी आईकत नाई म्हने."

"त्याचं बरोबर होतं," मी म्हटलं.

"हे त्याईले सांगतलं का कधी तुमी?"

मी तिला उठायला सांगितलं आणि तिच्या खुर्चीत बसले. तिला कळलं. "मॅडम," एवढंच म्हणाली आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

काढण्याआधी तुझा फोल्डर नीट बघितला. तुझं काही राहिलं असेल तर जपून ठेवावं, म्हणून. एखादं अर्धवट पोस्टर, एखादा फोटो, काहीही. नव्हतं. इतरांची कॅशे होती, तेवढीच. मग युजर काढायची कमांड दिली. लिनक्स अशा वेळी खात्री आहे का, असं विचारत नाही. काढतं आणि गप्प राहतं.

फोल्डर तेवढा मागे राहिला होता. त्याच्या मालकाच्या रकान्यात मघापर्यंत 'नरेश' होतं, तिथे आता नुसता आकडा होता. माणूस काढला की मशीनकडे त्याचा आकडाच उरतो, हे तूच मला शिकवलं होतंस. मी तो आकडा बघत बसले. किती वेळ ते मोजलं नाही. मग फोल्डरही काढला.

मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पडद्यावर एकच नाव आलं, मंगलाचं. दारातून ती वळली, तिने ते पाहिलं आणि पदराने नाक पुसलं.

बाहेर नाटक कंपनीचा माणूस मोटरसायकल लावत होता.

"बस," मी तिला म्हटलं आणि खुर्ची सोडली.